बावटा लागला त्या दिवशीची यादी

मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आला, तेव्हा त्यातल्या टेबलांची नावं बघून माझं डोकंच फिरलं. ‘टेबल१’, ‘नवीन’, ‘नवीन खरी’. खरी म्हणजे बाकीच्या काय खोट्या? हंगाम सुरू व्हायच्या आत हे निस्तरायचं, असं मी ठरवून टाकलं.

‘बोटी’ नावाच्या टेबलात गेल्या हंगामाची यादी होती: बोट, ती चालवणारा तांडेल, त्याच्या घरचा फोन. या हंगामाची यादी मी वेगळ्या टेबलात भरली. आधी फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर घेतली, तेवढी अक्कल होती. मग जुन्या टेबलाला ‘जुन्या बोटी’ केलं आणि नव्याला ‘बोटी’. छापायची यादी ‘बोटी’वरून निघते, म्हणजे आता नवीच निघणार. छापली, भिंतीवर लावली. तपासली? छे. माझं काम तपासायची मला सवयच नव्हती.

ऑक्टोबरच्या मध्यात एका सकाळी बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळाचा इशारा, लागला. बोटी बाहेर होत्या. मी भिंतीवरची यादी काढली आणि बोटींना मागे बोलवा म्हणून घराघरांत फोन लावत सुटले. एका घरून माणूस म्हणाला, “ती बोट मी मे महिन्यातच विकली, पूर्णगडला. तुम्हाला येऊन सांगितलंवतं की.”

सांगितलं होतं. मीच भरून घेतलं होतं. त्या वर्षी विकली गेलेली ती एकच बोट. तिच्यावर सात माणसं, आणि त्यांना मागे फिरा म्हणून निरोपच नाही.

फाइल उघडली. तो प्रोग्राम भलताच इमानी निघाला. जुन्या टेबलाचं नाव मी बदललं, तशी छापायची यादीही त्याच्या मागोमाग गेली होती. नव्या टेबलाकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. नव्यातून पूर्णगडचा नंबर काढला. तांडेलाच्या बायकोने उचलला. तिचा भाऊ नवऱ्याच्या बोटीच्या बाजूलाच जाळं टाकायचा, त्याच्या बोटीवर वायरलेस होता. तिने सांगितलेल्या चॅनेलवरून त्याला निरोप गेला, त्याने शेजारच्या बोटीला हाक दिली आणि दुपारपर्यंत दोन्ही बोटी आत आल्या.

आता टेबलाचं नाव बदलायचं तर माझ्याएवढं बिनधोक कोणी बदलत नाही. नावामागे आपोआप धावायची ती सोय आधी बंद करते, एका वेळी एकच नाव बदलते, आणि प्रत्येक यादी छापून जुन्या कागदाशी ओळीने ताडून बघते.

दोन दिवसांनी तांडेलाची बायको ऑफिसात आली. मी काही न लपवता सगळं सांगितलं.

“मॅडम, कधीपासून लावलेली ती यादी?”

“हंगाम सुरू झाल्यापासून. अडीच महिने.”

“म्हणजे अडीच महिने हे रोज समुद्रात जात होते,” ती शांतपणे म्हणाली, “आणि तुमच्या भिंतीवर ते नव्हतेच.”

मी हो म्हटलं.