वंदनाताईंच्या डब्यांची पेन्शन

"मॅडम, जुनं खातं मोडतो, नवीन उघडतो. विषय संपला," बाळू म्हणाला.

चाकणच्या एका पार्ट्सच्या कंपनीत मी पेरोल बघते. बाळू आमच्या प्रेस शॉपमधला ऑपरेटर, मूळ बीडकडचा. बरीच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढून नुकताच परमनंट झालेला. कंपनीने तेव्हा एनपीएस सुरू केलं होतं. म्हणजे कामगार पेन्शनसाठी भरेल, त्यात कंपनी पगाराव्यतिरिक्त आपला वाटा घालणार. पण बाळूचं स्वतःचं एनपीएस आधीपासून होतं, आणि माणसाला खातं एकच मिळतं. कंपनीचा वाटा हवा तर तेच खातं कंपनीकडे वळवावं लागणार.

आमच्या पट्ट्यात कंपनी बदलली की पीएफ काढायची रीत आहे. कुणी बाइक घेतं, कुणी गावाकडे खोली बांधतं. त्यामुळे खातं वळवतात, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

"अरे बाबा, हा पीएफ नाही," मी म्हटलं. "मुदतीआधी मोडलंस तर बहुतेक रक्कम पेन्शनमध्ये अडकेल. हातात चणेफुटाणे येतील."

"मग तुम्हीच वंदनाला सांगा. ती वळवू देत नाही."

गुरुवारी आमची सुट्टी. काळेवाडीला त्याच्या घरी गेले. त्याची बायको वंदनाताई मेस चालवतात, एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे देतात. चपात्या लाटता लाटताच बोलल्या.

"हे कॉन्ट्रॅक्टवर होते तेव्हा कुठली कंपनी विचारत होती, मॅडम? माझ्या डब्यांतून भरलंय ते. आता कंपनीच्या घशात घालू?"

राग वाजवी होता. बाळूची आधीची कंपनी बंद पडली तेव्हा शेवटचा पगारही बुडाला होता. मी सांगितलं, "नंबर तोच राहतो. पैसे कंपनीकडे राहत नाहीत, पेन्शन फंडात जातात. नोकरी सोडली तरी खातं बाळूचंच."

"कंपनी बुडाली तर?"

"भरणा थांबेल. साठलेलं तुमचंच."

"आमचं कसलं? ह्यांचं," त्या म्हणाल्या. "डबे माझे आणि पेन्शन ह्यांची."

बाळू कोपऱ्यात कांदा चिरत होता. तो मान वर न करता म्हणाला, "माझं आता पगारातून कापू दे. कंपनी पण भरंल. तुझ्या डब्यांचं तू तुझ्या नावावर भर. लई वर्षं भरलंस माझं."

वंदनाताईंनी तव्यावरची चपाती करपू दिली. मग म्हणाल्या, "वळवा."

बाळूचं खातं वळलं. वंदनाताईंचं नवीन उघडायला आकुर्डीच्या बँकेत मी सोबत गेले. व्यवसायाच्या रकान्यात मी सवयीने 'गृहिणी' लिहायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"मेस लिहा, मॅडम."

त्यांचे उपकार मी अजून मानते. आता कुणी पेन्शनचं विचारायला आलं की मी आधी विचारते, भरतंय कोण? त्या माणसाला सोबत घेऊन या. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.