मागील बाजू : उ. ना.

माझी आत्या नगरपालिकेच्या नगररचना विभागात एकतीस वर्षं जुन्या इमारती जपायच्या कामावर होती. तिचा कक्ष म्हणजे एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि शेजारी सतत ठिबकणारं वॉशबेसिन. ऑफिसात तिला ‘भिंतवाली’ म्हणायचे. घरी आम्हीही काही कमी नव्हतो. तिच्या लग्नाचा विषय निघाला की बाबा म्हणत, शंभर वर्षांखालचं स्थळ हिला चालायचं नाही. ती हसायची आणि मोजायची टेप काखोटीला मारून निघायची.

तरुणपणी तिने एकटीने चारशे बारा इमारती पालथ्या घातल्या. प्रत्येकीचं एक कार्ड : दर्शनी भाग, जिना, छप्पर, मागील बाजू. मागे कधीकधी कुलूप असायचं, नाहीतर दार वाजवूनही कुणी उघडायचं नाही. मग ती पेन्सिलीने ‘उ. ना.’ लिहायची. उघडलं नाही. पुन्हा जायचं, याची ती खूण. पण ती पुन्हा जायच्या आत कार्डं टंकलेखकाकडे गेली आणि त्या शहाण्याने सगळीकडे ‘उल्लेखनीय नाही’ असं टंकून ठेवलं. आत्याच्या लक्षात येईपर्यंत यादी मंजूर झाली होती. साहेब म्हणाले, पुढच्या फेरीत दुरुस्त करू. पुढची फेरी कधी निघालीच नाही. अशी एकसष्ट कार्डं तशीच राहिली. मला विचाराल तर तिने तेव्हाच साहेबांचं डोकं खायला हवं होतं.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यातल्याच एका इमारतीच्या मालकाचा अर्ज आला. रस्त्याकडची भिंत तेवढी ठेवायची, मागचं ‘उल्लेखनीय नाही’ म्हणून पाडून आठ मजले चढवायचे. मागे एक म्हातारा घड्याळजी एकटाच राहायचा, तिथेच जन्मलेला. सुनावणीच्या आठवडाभर आधी आत्या पहिल्यांदा त्याच्या दारातून आत गेली. तो कामावर वाकलेला होता, त्याने मान वर केली नाही. समोर तीन मजले चढणारा लाकडी गोल जिना होता, एकही खिळा न मारता जोडलेला. तसा दुसरा तिने आयुष्यात पाहिला नव्हता. ती खालच्या पायरीवर बसूनच राहिली.

चूक कबूल करते, असं तिने साहेबांना सांगितलं. साहेबांनी तिला समोर बसवून समजावलं. एक कार्ड चुकीचं म्हटलं की समोरचा वकील सगळी यादीच रद्द करून घेईल. एका जिन्यापायी बाकीच्या चारशे अकरा घालवायच्या का?

सुनावणीला घड्याळजी उभा राहिला तो समितीकडे न बघता आत्याकडे बघत.

“बाई, यादी केली त्या वर्षी दार वाजवणाऱ्या तुम्हीच ना? मी आतच होतो. बायको शेवटच्या घटका मोजत होती, तिचा हात सोडवेना. म्हणून उघडलं नाही. तेवढ्यावरून घर जातंय का माझं?”

अध्यक्षांनी आत्याला विचारलं, नोंद बरोबर आहे ना?

“बरोबर आहे,” आत्या म्हणाली.

जिना दोन दिवसांत उतरवला आणि जळणात गेला. घड्याळजी गावाबाहेर भाचीकडे राहायला गेला. आणि जिच्यासाठी आत्याने जीभ आवरली ती यादी तीन वर्षांनी नव्या सभागृहाने एका बैठकीत रद्द केली. त्यासाठी वकीलही लागला नाही.

आत्या तेव्हा निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आली होती. एका दुपारी ती भाची पत्ता शोधत आली. मामा गेला, एवढं कळवायला. शेवटपर्यंत एकच घोकत होता म्हणाली, मी दार उघडायला हवं होतं, माझ्यामुळे गेलं सगळं.

आता खरं सांगायला कुणाची आडकाठी नव्हती. ना यादी उरली होती, ना साहेब. मी आत्याकडे बघत राहिलो. तिने भाचीला चहा विचारला, कपबशी धुऊन ठेवली, फाटकापर्यंत सोडायलाही गेली. पण सांगितलं नाही.