पडावं तर गौतमनंच

गंगाखेडच्या बसस्टँडवर उसाचा रस पीत उभा होतो, तेवढ्यात शांतावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले... शाळंला निघाले होते, उंबऱ्यातच बसले." लहानपणापासूनचा मित्र गौतम गेला आणि माझ्या मनात पहिलं काय यावं? आता मला खुर्चीवरून खाली कोण ओढणार? लाज वाटली. रस मात्र मी संपवला.

खुर्चीचं सांगायला हवं. आमच्या गावात, बोरीत, दर भीमजयंतीला आमच्या गल्लीचं नाटक असतं. गौतम मास्तरनं ते थेट अंतराळात नेलं. 'तिसऱ्या चंद्राचं पाणी' हे त्याचं नाटक दरवर्षी एक भाग पुढं सरकायचं. कोरड्या चंद्रावर पाणी कुणाला सोडायचं हे एकटा ठरवणारा गर्विष्ठ अधिकारी, जलाधिपती, हा त्यातला खलनायक. पाठीला फवारणीचा पंप बांधला की झाला प्राणवायू. लेखक गौतम, जलाधिपतीही तोच. मी बंडखोर नायक. शेवटी मी त्याला खुर्चीवरून ओढायचो, आणि पुढल्या जयंतीला तो काहीतरी कारस्थान करून परत चढून बसलेला असायचा.

नायक मी, टाळ्या त्याला. त्याचं पडणं बघायला जिंतूरहून माणसं यायची. तोल गेला तरी मान ताठच, मग खांदे सुटायचे, आणि हात न टेकता तो असा पाठीवर यायचा, की तासभर त्याला शिव्या घालणाऱ्या बायाच "अगं माय..." म्हणायच्या. मी शेजारी मूठ वर करून उभा. माझ्याकडं माझी बायकोसुद्धा बघत नसे. "मास्तर काय पडले हो," घर येईपर्यंत हेच.

मागच्या जयंतीला माझा संयम सुटला. त्याला ओढलं आणि घोषणा द्यायची सोडून मीच खुर्चीत बसलो, पायावर पाय टाकून. म्हटलं, आता बघा माझ्याकडं. गौतमनं पडल्या पडल्या मान वळवली आणि शांतपणे विचारलं, "बसलास? बरं झालं. आता पाणी कवा सोडतूस ते सांग."

मला पुढं संवादच नव्हता. मागून एक म्हातारी म्हणाली, "सांग की रे मुडद्या, लय वाट बघितली." मग सगळं मैदानच विचारायला लागलं. उठावं तर पाठीचा पंप खुर्चीत अडकलेला... शेवटी खुर्चीसकट विंगेत गेलो.

वाटलं, आता मला नाटकातून काढणार. गौतम चहा ओतता ओतता म्हणाला, "वसंता, तुझ्यामुळं नाटक सुधरलं. पुढल्या भागात जलाधिपती तूच. मी पाडतो तुला." इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं, तरी जळफळाट होताच. माझ्या फजितीतून नाटक काढायचं, हेही त्यालाच सुचावं?

तालमी त्याच्या ओसरीवर सुरू झाल्या. मला लागू नये म्हणून त्यानं घरातली कापसाची गादी आणून अंथरली. "आरं, तू पोत्यासारखा पडायलास. हात टेकू नको. अधिकार गेल्याचं मानेला सगळ्यात शेवटी कळलं पाहिजे." असं म्हणून पुन्हा स्वतः पडून दाखवायचा. पुन्हा, पुन्हा. मला ते जमायच्या आत तो गेला.

यंदा नाटक नको, असं जयंती मंडळाचं म्हणणं होतं. वहिनी ऐकेनात. "त्यांनी लिहिलंय, व्हायला पायजे," म्हणाल्या आणि मला पाडायचं काम स्वतःकडं घेतलं. रोज संध्याकाळी त्या माझा दंड धरून ओढतात, मी पडतो, आणि त्या मान हलवतात. "तसं न्हाई भाऊजी. हे असे पडत नव्हते." जिवंत होता तेव्हा त्याच्या चुका तरी काढता यायच्या... आता तेही गेलं.

गादीत मधोमध एक खळगा पडलाय, त्याच्या पाठीचा. वहिनींनी कापूस अजून पिंजून घेतलेला नाही. मी कितीही अंदाज घेऊन पडलो तरी काठावरच येतो आणि उतारानं हळूच आत घसरतो. तिथं थोडा वेळ पडून राहतो. अंग नीट बसत नाही. त्याचे खांदे माझ्याहून रुंद होते.