अमांसियोच्या तोफा

आमच्या तेर्सेरा बेटावरचा कोळी एक वेळ बायकोचं खरं वय सांगेल, पण मासळीची खूण सांगणार नाही. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत दिसल्या, दुसऱ्या बाजूच्याही दोन जुळल्या, की तीच जाळं सोडायची जागा. अमांसियोने आपली खूण मरताना फक्त मुलीला, इदालिनाला सांगितली: काळ्या खडकावर चर्चचा मनोरा, दीपगृहावर डोंगराचं शिखर. तिथे तळाशी आपण तोफा पाहिल्यात, असं तो जन्मभर सांगायचा. गावाने त्याला जन्मभर थापाड्या म्हटलं. त्यात मीही होतो, खोटं कशाला बोलू?

पुढे बुडालेली जहाजं शोधणारे लोक आले. येत्या सोमवारपासून त्याच पाण्यात नव्या धक्क्यासाठी दगड टाकणार होते, म्हणजे तळ कायमचा गाडला जाणार. साठीची, मासळी विकणारी इदालिना त्यांच्या प्रमुखाकडे, एल्देरकडे गेली आणि तिने बापाची खूण सांगून टाकली. दोन दिवस पाणबुडे उतरले. नुसती वाळू. आमच्यातलाच एक म्हातारा कोळी, झेफेरिनो, जुन्या धक्क्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अगं, तोफा नसतील, बाटल्या असतील. बापाने रिकाम्या करून टाकलेल्या."

इदालिना मासळीची टोपली उचलून सरळ घरी गेली, हेच मला भयंकर वाटलं. एरवी तिच्या जिभेपुढे आमची बोटसुद्धा मागे वळते.

शनिवारी सकाळी पाणबुड्यांची बोट मीच हाकत होतो. ती चर्चकडे टक लावून बसली होती. एकदम कपाळावर हात मारून म्हणाली, "मी गाढव आहे. बाबा गेले एकोणऐंशी साली. ऐंशीच्या भूकंपात मनोरा पडला, तो आपण दाराच्या डावीकडून उचलून उजवीकडे बांधला. दगड मीच वाहिले की रे."

बाबांचा मनोरा आता कुठेच नव्हता. तिने चर्चचा डावा रिकामा कोपरा खडकावर धरला आणि मला बरंच पुढे जायला लावलं. एल्देर पाण्यात उतरला. वर येताच त्याने दोन्ही हात पाण्याबाहेर काढले. त्याने सात बोटं दाखवली. सात तोफा.

सोमवारचं दगडांचं काम त्याच दुपारी रद्द झालं. धक्क्यावर सारा गाव जमला होता. झेफेरिनो पुढे आला आणि माफी मागायला त्याने टोपी काढली.

"माझ्यापुढे नको," इदालिना म्हणाली. "बाबांच्या कबरीपाशी जा, तिथे काढ."

तो निघाला. त्याच्यामागे आम्ही सगळे निघालो.