गिरणीच्या आवाजाआड

निघोज्यात जमिनी कंपन्यांकडे गेल्या तेव्हा घरोघर पैसा आला आणि दारोदार जीपा उभ्या राहिल्या. कोंडाजींनाही जीपच हवी होती. त्यांची बायको सोजरबाई म्हणाल्या, "जीपमधी बसून जायचं कुटं? वावरं तर गेली. मला पिठाची गिरणी घ्या." कोंडाजींनी तोंड वाकडं केलं, पण बायकोपुढे त्यांचं कधी चाललंय? गिरणी आली. गावातल्या जीपा एकेक करून भंगारात गेल्या, गिरणी मात्र अजून चालू आहे, हे सोजरबाई आल्यागेल्याला ऐकवतातच.

पुढे गावात भाडेकरू वाढले. बीड-लातूरकडची माणसं पत्र्याच्या खोल्यांतून राहू लागली. त्या खोल्या अशा, की एकीत शिंकलं तर तिसरीतली बाई काढा सुचवते. मग बाईने मन मोकळं करायचं कुठे? पण "दळणाला जाते" म्हटल्यावर तिला कोणी अडवत नाही, आणि गिरणीच्या घरघरीत बोललेलं शेजारणीलाही कळत नाही. बाया सोजरबाईंच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागल्या. गिरणीपाशी राहून सोजरबाईंचा स्वतःचा आवाज असा झालेला, की त्या कुजबुजल्या तरी पारावर ऐकू जाईल. म्हणून त्या नुसती मान हलवायच्या आणि गिरणी बंद झाली की पदर खोचून निघायच्या. रंभाला दारुड्या नवऱ्याने घराबाहेर काढलं, तेव्हा ती सोजरबाईंच्या ओसरीवर राहिली. नवरा कंपनीच्या बससाठी उभा राहायचा तिथे सोजरबाई आणि दळणाच्या बाया रोज सकाळी जाऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या काही नाहीत, नुसत्या बघायच्या. आठवड्यात गडी सुतासारखा सरळ आला.

या कामाचा बोलबाला झाला आणि एका कंपनीने गिरणीला लागूनच खोली बांधून दिली. गुळगुळीत फरशी, पडदे, चार खुर्च्या, दारावर 'महिला आधार केंद्र' अशी पाटी. बायांशी बोलायला दिघीहून दिपाली नावाची समुपदेशक स्कूटीवरून येऊ लागली. सोजरबाई हरखून गेल्या. पोरींना निवांत बोलता यावं म्हणून दिपाली आली की त्या गिरणी बंद ठेवायच्या. इथेच सगळं फसलं.

बाया यायच्या, चहा प्यायच्या, पडद्याला हात लावून बघायच्या आणि निघून जायच्या. खोलीत एवढं शांत, की कोणाची बांगडी वाजली तरी सगळ्या दचकायच्या. दिपाली बिचारी गोड बोलून थकली. कंपनीचे गणराज साहेब दोनदा बघायला आले, दोन्ही वेळा ती एकटीच बसलेली. "दिवाळीपर्यंत वाट बघू," साहेब म्हणाले. "कोणी येणारच नसेल तर पोरांना व्यायामशाळा करून देऊ." सोजरबाईंना अन्न गोड लागेना. इतक्या वर्षांचं हे आपलं काम आपल्या दारात बंद पडणार, या विचाराने त्यांचा जीव तुटत होता.

तेवढ्यात दिवाळी जवळ आली आणि चकलीच्या भाजणीच्या डब्यांची रांग लागली. आता गिरणी बंद ठेवण्याची सोयच नव्हती. मधलं दार उघडं, खोलीभर घरघर, दिपालीच्या केसांवर पीठ. बिचारीला त्रास होत असेल म्हणून सोजरबाई आत डोकावल्या, तर एक बाई दिपालीच्या कानाला लागलेली आणि मागे दोघी नंबर लावून उभ्या. सोजरबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बया," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "बोलायचा आडोसाच मी काढून घेतला व्हता की."

मग गिरणी थांबेचना. बाया थोडी थोडी ज्वारी घेऊन दिवसातून दोनदा दळणाला येऊ लागल्या.

साहेब ठरल्याप्रमाणे आले ते नाकाला रुमाल लावूनच. "अहो, हे केंद्र आहे का गिरणी?" ते ओरडले. सोजरबाई काही बोलणार तोच लाईट गेली. गिरणी थांबली आणि त्या शांततेत आत दिपालीच्या कानाला लागलेल्या पुनम नावाच्या तरण्या सुनेचा आवाज खणखणीत घुमला, "मला परत वेल्डिंगच्या कामाला जायचंय, पण सासूबाईंना विचारायची भीती वाटते."

सासूबाई, म्हणजे सुभद्राबाई, भाजणीचा डबा घेऊन रांगेत पहिल्याच उभ्या होत्या. पुनमने ओढणीत तोंड लपवलं. सुभद्राबाईंनी डबा सावकाश खाली ठेवला.

"वेल्डिंग येतंय तुला?"

"लग्नाआधी आयटीआय केलंय. दोन वर्षं कामही केलं."

"मग मला कामून सांगितलं नाहीस? खिडकीची जाळी तुटून वरीस झालं. मी माणूस हुडकायले."

असा हशा उठला की पुनमही हसता हसता रडायला लागली. तोवर लाईट आली. सोजरबाईंचा हात सवयीने बटणाकडे गेला.

"मावशी, राहू द्या," पुनम म्हणाली. "माझं अजून बोलून व्हायचंय."

"मलाबी बोलायचंय," रांगेतून आणखी एकीचा आवाज आला.

बाया डबे तिथेच सोडून आत शिरल्या. खुर्च्या पुरेनात तेव्हा फरशीवर बसल्या. सोजरबाईंचा ऊर भरून आला. साहेब बसायला जागा शोधत होते.

"साहेब, तुमी जरा पारावर बसा," सोजरबाई म्हणाल्या. "आत बाया बोलत्यात."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.