वाढणाऱ्यानं शेवटी जेवायचं

ऑफिस पुन्हा उघडणार असं कळलं, तेव्हा मला आधी वडील आठवले आणि मग मालकांचा राग आला. वडिलांना दुसऱ्याची किडनी बसवलेली. शरीरानं ती परकी ठरवू नये म्हणून त्यांना ज्या गोळ्या होत्या, त्यांनी त्यांची प्रतिकारशक्ती पार लुळी करून ठेवली होती. एरवीच्या सर्दीलाही आम्ही टरकून असायचो, आणि आता तर बाहेर साथ होती. नारायण पेठेतल्या लहानशा फ्लॅटमध्ये मी आणि ते, दोघंच. ग्राहकांची माहिती इमारतीबाहेर न्यायची नाही असा आमच्या कंपनीचा करार होता, म्हणून बाकीचं आयटी घरी पायजम्यात काम करत असताना आम्हाला वारज्याला जाणं भाग होतं. जाऊन येताना मीच त्यांच्यासाठी दुखणं घेऊन आले तर? दुसरं काही सुचतच नव्हतं.

मालकांनी तयारी जोरात केली होती. दारात ताप मोजणारी बंदूक, जमिनीवर पिवळे गोल, प्रत्येक टेबलाभोवती पारदर्शक पडदे. एखाद्या लग्नाच्या हॉलची सजावट करावी तशी. शिवाय एक सुरक्षा सल्लागार नेमल्या होत्या. पिंपरीकडच्या कारखान्यांत रंगाच्या आणि रसायनांच्या वाफांपासून कामगारांना जपण्यात उभी नोकरी घालवलेल्या या इंजिनिअर बाई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या.

पहिल्या दिवशी त्या आल्या त्या सुती साडी, पायांत स्पोर्ट्स शूज आणि पर्समध्ये उदबत्तीचा पुडा घेऊन. धूर लागताच वाजणारा भोंगा आधी बंद करायला लावला आणि रिसेप्शनपाशी उदबत्ती पेटवून त्या हळूहळू टेबलांमधून चालू लागल्या. आम्हाला वाटलं, उघडण्याआधीची पूजा असणार. अकाउंट्सच्या गृहस्थांनी चपला काढल्या. दोघातिघांनी हात जोडले. मीही जोडले, उगाच खोटं कशाला बोलू. एकानं तर अदबीनं विचारलं, "मॅडम, नारळ आणायचा राहिला का?"

"आणा की," बाई म्हणाल्या. "फोडू नका पण. मी घरी नेते."

मग माझ्या टेबलापाशी थांबून त्यांनी उदबत्ती पडद्यांच्या आत धरली. धूर वर गेला, पडद्याला अडला आणि माझ्या खुर्चीभोवती घुटमळत राहिला. "अहो, धूर कुठं जातो ते बघतेय," त्या म्हणाल्या. "तुमच्या शेजाऱ्याचा श्वासही तिकडंच जाणार. हे पडदे तो कोंडून ठेवतायत."

माझी नोकरी बुधवार पेठेत एका पुस्तकांच्या दुकानावरच्या जागेत सुरू झाली होती. कॉम्प्युटर नवे होते, खिडक्या सताड उघड्या असायच्या, कीबोर्डवर धूळ आणि रस्त्यावरचे हॉर्न कानांत. पुढं परदेशी कामं आली, कंपनी फुगली आणि आम्ही वारज्याला काचेच्या इमारतीत गेलो. खिडकी न उघडणं ही आमच्या प्रगतीची खूण झाली. बाईंनी मालकांना विचारलं, "या काचा उघडतात का?" मालक म्हणाले, "नाही, इंटरनॅशनल स्टँडर्ड आहे."

"छान. मग पुणेकरांनी श्वास कुठं घ्यायचा?"

मालकांना कुणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला त्या बाई त्याच क्षणी आवडल्या. आठवड्याभरात काही काचा निघाल्या, तिथं बुधवार पेठेतून आणलेले एक्झॉस्ट पंखे बसले आणि पडदे गोदामात गेले. मास्क होतेच, पण त्यांच्या मते तो शेवटचा उपाय. "कारखान्यात आम्ही आधी वाफ बंद करायला बघायचो. ते नाही जमलं तर हवा खेळती करायची, माणसं लांब करायची. तोंडाला फडकं सगळ्यात शेवटी. तुम्ही फडक्यापासून सुरुवात केलीत."

मी त्यांना बाजूला घेऊन वडिलांबद्दल सांगितलं आणि सरळ विचारलं, मी यावं की येऊ नये. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. कोण कुठं झोपतं, जेवण कुठं होतं, खिडक्या कुठल्या दिशेला, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "धोका शून्य आहे असं सांगणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. मी फक्त कमी करू शकते. घरी गेल्यावर तुम्हीही उदबत्ती लावून बघा." वडिलांनी ती हौसेनं लावली. धूर स्वयंपाकघरातून निघाला आणि मागच्या खोलीतून गॅलरीकडे गेला. म्हणजे मागच्या खोलीतला श्वास थेट बाहेर जाणार; त्या दिवसापासून मागची खोली माझी, पुढची त्यांची.

खरी लढाई झाली ती डब्यांच्या खोलीवरून. बिनखिडकीची ती खोली आमच्या ऑफिसचा जीव होती. दुपारी सगळे डबे मधोमध उघडायचे आणि ज्याला जे हवं ते त्यानं उचलायचं. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन राहणारी, अकोला-अमरावतीकडची आमच्यातली निम्मी मंडळी तेवढंच घरचं खायची. तिथं उदबत्तीचा धूर हललाच नाही. बाईंनी खोलीला कुलूप लावलं. "दिवसभर मास्क लावता आणि दुपारी तो काढून एकमेकांच्या तोंडासमोर तास-तास हसता," त्या म्हणाल्या.

अकोल्याकडचा आमचा एक सहकारी, टेस्टिंगमध्ये हुशार आणि जिभेचा मोकळा, उभा राहिला. "काहून जी मॅडम? एकटं जेवाचं तर मंग रूमवरच नाही का जेवाचं?"

मला वाटलं, बाई त्याला झाडणार. त्या गच्ची बघायला गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या उपाय घेऊनच. गच्चीवर हिरवी जाळी बांधून घेतली, खाली एकच लांब रांग, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, मध्ये अंतर. पंगतीसारखा रोज एक वाढपी. त्यानं मास्क लावून, हात धुऊन, सगळ्यांचे डबे एका मोठ्या चमच्यानं सगळ्यांना वाढायचे. सर्वांच्या ताटात पडेपर्यंत कुणी मास्क काढायचा नाही. "आणि वाढणाऱ्यानं शेवटी जेवायचं, लांब बसून," बाई म्हणाल्या. "तुमच्या गावी हेच करतात ना?" तो अकोल्याचा गडी हसला आणि पहिला वाढपी झाला. नियम लावणारे मी पुष्कळ पाहिलेत. नियमानं माणसाचं काय हिरावलं जातं ते बघून परत येणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढं त्यालाच ताप आला आणि तपासणीत तो बाधित निघाला. आदल्या दिवशी गच्चीवर त्याच्या हातून मी ठेचा मागून घेतला होता. ऑफिसात कुजबुज सुरू झाली की तो रविवारी कुणाकडे तरी वाढदिवसाला गेला होता. बाईंनी प्रत्येकाला फोन केला. मला म्हणाल्या, "कोण चुकलं ते मला नको. कोण कुठं बसलं होतं, किती वेळ, तेवढं सांगा." त्या दिवशी वाढपी तोच होता, मास्क लावून. जेवला तो सर्वांत शेवटी, पाण्याच्या टाकीपलीकडे.

तरी वाट बघणं चुकलं नाही. मी मागच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. दाराखाली कापड कोंबलं, गॅलरी उघडी ठेवली. भिंतीपलीकडे वडील खोकले की मी श्वास धरायची. आयुष्यात कधी गॅसजवळ न गेलेले माझे वडील मुगाची खिचडी करायला शिकले. मास्क लावून ताट दाराबाहेर ठेवायचे आणि लांब जाऊन बसायचे. एकदा मी आतून ओरडले, "तुम्ही जेवून घ्या ना, गोळ्यांची वेळ टळतेय."

"तुझं होऊ दे," ते पलीकडून म्हणाले. "वाढणाऱ्यानं शेवटी जेवायचं, असा तुमच्या बाईंचा नियम आहे."

मी रडत भराभर जेवायला शिकले.

माझी तपासणी निगेटिव्ह आली. रांगेतल्या बाकीच्यांचीही. त्या सहकाऱ्याचाही ताप उतरला होता, पण तो अजून रूमवरच बंद होता. मी बाईंना फोन करून ते सांगितलं. "चांगलं झालं. पण उदबत्तीनं वाचवलं असं सांगत फिरू नका," त्या म्हणाल्या. "आपण शक्यता कमी केली, बाकी नशीब. त्या मुलाला डबा कोण देतंय?" मी म्हटलं, आजपासून मी देते. "मग झालं तर."

फोन ठेवून मी दार उघडलं. वडील ताट वाढायला उठत होते. मी मास्क नीट केला, हात धुतले आणि त्यांना खाली बसवलं. त्यांनीच केलेला भात, वरण, वर तूप. ते सावकाश जेवले, गोळ्या घेतल्या आणि तोंड पुसून म्हणाले, "मीठ कमी आहे." मग मी माझं ताट घेऊन गॅलरीत गेले.