पाठवणाऱ्याचं नाव

पार्सलकाकांपुढे चहा ठेवला तरी ते आधी विचारायचे, "कुणी केला?" जयपूरच्या रेल्वे कॉलनीत ते आमच्या समोरच राहत. सगळी नोकरी पार्सल ऑफिसात गेलेली. पाठवणाऱ्याचं नाव नसलेलं खोकं त्यांनी कधी आत घेतलं नाही. काकू म्हणायच्या, "लग्नात माझंही वजन करून घेतलं असतं यांनी!"

नववीत असताना शाळेचे प्रोजेक्ट मी त्यांच्याकडे न्यायची, कारण कॉलनीत प्रिंटर त्यांच्याकडेच होता. इंटरनेटवरचं पान छापून निघालं की ते लाल पेन्सिल काढत. "पाठवणारा कोण? तारीख कुठाय? यात त्याचा फायदा काय?" उत्तरं नसली की पानावर फुली. मी वैतागायची. "काका, मतलब, सगळेच हे कॉपी करतात!"

"मग सगळ्यांचं पार्सल परत."

शाबासकी द्यायला मात्र महाकंजूष. फार झालं तर "बरं".

एकदा एका पानावर लिहिलं होतं, जयपूरजवळच्या सांगानेरची कापडावरची हातछपाई बंद पडली. काकांनी मला बसमध्ये बसवलं आणि थेट सांगानेरला नेलं. कोपरापर्यंत निळे हात झालेला छपाईवाला हसत म्हणाला, "बिटिया, मैं बंद हो गया क्या?" काका भलतेच खूश. काकूंसाठी त्याच्याकडून एक सुती साडीही घेतली.

ती साडी काकूंनी दोनदाच नेसली. त्या आजारी पडल्या आणि डॉक्टरांनी हात टेकले. एका दुपारी काकांनी मला बोलावलं. पुढ्यात छापलेलं पान होतं: एकवीस दिवसांत हमखास गुण देणारी जडीबुटी. लाल पेन्सिल त्यांनी माझ्या हातात दिली. "तू बघ जरा. माझा चष्मा सापडत नाहीये."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

मी पंधरा वर्षांची, शहाणी. घडाघडा बोलले, "नाव नाही. तारीख नाही. आणि खाली तेच औषध विकायला ठेवलंय." वर फुलीही मारली.

आतून काकूंचा खोकला ऐकू येत होता. काका त्या फुलीकडे बघत राहिले. मग पानाच्या चार घड्या घालून ते खिशात ठेवलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास."

काकू महिन्याभरात गेल्या. काका भावाकडे अकोल्याला गेले. मागच्या वर्षी तेही गेल्याचं कळलं. माझं उत्तर बरोबरच होतं. तरी अजून वाटतं, ते एक पान मी तसंच राहू द्यायला हवं होतं.

आता मी जयपूरच्याच एका शाळेत शिकवते. मुलांनी इंटरनेटवरून आणलेली पानं काकांसारखीच तपासते. एखादीनं खोटं पान पकडलं की "छान" म्हणते, "उत्तम" म्हणते. शाबास मात्र माझ्याच्यानं म्हणवत नाही.